३९९५ मिलिमीटर

जुनी गाडी विकून नवी घ्यायची, हे आमच्या घरात कुणी ठरवलं नाही. जूनमधल्या एका संध्याकाळी भर पावसात वाकडच्या पुलाखाली जुन्या गाडीचा क्लच गेला आणि ते ठरून गेलं. २०११ सालची गाडी, चौदा वर्षं, एक लाख बारा हजार किलोमीटर. टो करायला आलेला माणूस म्हणाला, "मॅडम, आता हिला सोडा." त्यानंतरचे काही महिने ह्या वहीत दूधवाल्याच्या हिशेबाच्या अधेमधे गाडीच गाडी आहे. तारखा घातलेल्या नाहीत. जसं सुचलं तसं.

*

घरातल्या मागण्या. मुलीला सनरूफ. नवऱ्याला ॲव्हरेज. सासूबाईंना "बसताना वाकावं लागू नये, उतरताना कुणी हात धरू नये". मला सोसायटीच्या गेटमधून एका वळणात आत येणारी. चौघांत गाडी चालवणारी मी एकटी. माझी मागणी यादीत चौथी.

*

टेस्ट ड्राइव्हची किल्ली सेल्समनने सवयीने नवऱ्याच्या हातात दिली. नवऱ्याकडे लायसन्स नाही, कधी नव्हतंच. त्याने तितक्याच सवयीने ती माझ्याकडे सरकवली. सेल्समन मुलगा ओशाळला, पण गाडी रस्त्याला लागल्यावर मागच्या सीटवरून त्याचं "सर, पिकअप बघा" सुरूच राहिलं.

*

कोटेशन हा एक वाङ्मयप्रकार आहे. वर ठळक अक्षरांत एक्स-शोरूम. त्याखाली रोड टॅक्स, म्हणजे आपल्या भाषेत 'आरटीओ'. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, वीस लाखांपर्यंत १२, त्यापुढे १३. डिझेलला ह्या प्रत्येकाच्या वर दोन टक्के. मग इन्शुरन्स. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टीचा विमा तीन वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो. मग फास्टॅग. इथवर सरकार. इथून पुढे कल्पनाशक्ती सुरू होते: 'एसेन्शियल किट' (पायाखालचे मॅट, मडफ्लॅप आणि एक सुगंधी बाटली), अंडरबॉडी कोटिंग, टेफ्लॉन, एक्स्टेंडेड वॉरंटी, 'हँडलिंग'. हँडलिंग म्हणजे काय, असं विचारलं. "मॅडम, गाडी यार्डातून आणतो ना." दुकानदाराने साखर गोदामातून आणल्याचे वेगळे पैसे मागितले तर आपण त्याला काय म्हणू?

हँडलिंग खोडायला लावलं. विमा बाहेरून घेणार म्हटल्यावर मुलाचा चेहरा असा झाला की जणू मी त्याच्या बहिणीचं लग्न मोडलं. मॅनेजर आला, चहा आला, आणि त्याच कंपनीच्या त्याच पॉलिसीची किंमत चहा संपेपर्यंत बऱ्यापैकी उतरली. गाडीच्या किमतीवर फार तर दोन-चार हजारांची घासाघीस होते. खरा बाजार ह्या खालच्या ओळींत भरतो, आणि नेमक्या त्या ओळी आपण ईएमआयच्या आकड्याकडे बघत ओलांडून जातो.

*

दहा लाखांच्या अलीकडे इतक्या गाड्यांच्या किमती का घुटमळतात, हे कोटेशन वाचताना कळलं. दहाच्या वर गेलं की रोड टॅक्सचा टक्का वाढतो आणि एक टक्का टीसीएसही कापला जातो. टीसीएस आयकरात वळता होतो, पण आज तर खिशातून जातो. 'बाटा'च्या ९९९ च्या चपलेसारखंच हे, फक्त तीन शून्यं जास्त.

*

आज टेप घेऊन शोरूमला गेले. सोसायटीतलं आमचं पार्किंग दोन खांबांमधलं, म्हणून लांबी नीट बघायची होती. पत्रकात सगळं असतंच. नेक्सॉन ३९९५ मिलिमीटर. ब्रेझा ३९९५. व्हेन्यू ३९९५. डिझायर ३९९५. वेगवेगळ्या देशांचे, एकमेकांचं तोंड न बघणारे डिझायनर, आणि सगळ्यांना एकाच लांबीचा साक्षात्कार!

कारण करखात्यात आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीवरची एक्साइज २४ टक्क्यांवरून १६ वर आणली आणि 'छोटी' म्हणजे काय ते लिहून टाकलं: लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० पर्यंत. झालं. आमच्या पिंपरीच्या टाटांनी २००८ मध्ये इंडिगोची शेपटी छाटून 'इंडिगो सीएस' काढली. मारुतीची डिझायर आधी ४१६० मिलिमीटर होती, २०१२ मध्ये ती ३९९५ झाली. कमी झालेले १६५ मिलिमीटर मुख्यतः डिकीतून गेले. त्या काळातल्या ह्या गाड्या बाजूने बघा. पुढून सेडान, मागून कुणीतरी दार लावताना चिमटलेली. एका देशाच्या गाड्यांचं बूड अर्थखात्याने घडवावं, ही मला मोठी गमतीची गोष्ट वाटते. पुण्याच्या वाड्यांची उंची म्हणे ठरवायचे पेशवे. आपल्या डिकीची खोली ठरवतो केंद्रीय अर्थमंत्री.

आता जीएसटीच्या नव्या दरांत छोट्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के आणि मोठीवर ४०. पूर्वी सेस धरून छोटीवर २९ आणि मोठ्या एसयूव्हीवर ५० पर्यंत जायचं. म्हणजे कर दोन्हीकडे उतरला, पण मधली दरी होती तशीच राहिली, तसूभर रुंदच झाली. ३९९५ अजून बरीच वर्षं राहणार.

दोन खांबांमध्ये ती बसते. बघितलं.

*

बुकिंग कधी करायचं, ह्यावरून घरात मंत्रिमंडळ बसलं. १५ ऑगस्टला पंतप्रधान लाल किल्ल्यावरून म्हणाले, दिवाळीपर्यंत जीएसटी कमी करू. त्या दिवसापासून शोरूममध्ये शुकशुकाट. गणपतीत लोक गाडी घेतात, पण ह्या वर्षी कोण घेणार? ३ सप्टेंबरला कौन्सिलने दर जाहीर केले, अंमल २२ पासून. आणि ७ तारखेनंतर लागला पितृपक्ष. त्यात नवी वस्तू घ्यायची नाही, हे सासूबाईंना सांगावंही लागत नाही. म्हणजे सरकार आणि पितर, दोघांनी मिळून तीन आठवडे देशातला गाड्यांचा धंदा थांबवून ठेवला. २२ सप्टेंबरला घटस्थापना. अर्थखात्यात कुणीतरी दाते पंचांग उघडून बसलं असणार, अशी माझी खात्री आहे.

वितरकांचे मात्र हाल. त्यांनी आधीच उचललेल्या गाड्यांवर सेस भरलेला. सेस रद्द झाला आणि भरलेला पैसा हिशेबाच्या वहीत अडकून बसला. आमचा सेल्समन २१ तारखेला फोनवर म्हणाला, "मॅडम, उद्या या, पण जेवून या." दुसऱ्या दिवशी शोरूमला गर्दी अशी, की पेढे संपले होते.

*

सासूबाईंचा गुडघा आणि भारतीय वाहन उद्योग, ह्या विषयावर कुणीतरी प्रबंध लिहावा. आज देशात विकल्या जाणाऱ्या कारपैकी अर्ध्याहून जास्त एसयूव्ही प्रकारातल्या. २०२४ मध्ये सर्वांत जास्त विकली गेलेली गाडी टाटा पंच. मारुतीची चाळीस वर्षांची मक्तेदारी एका उंच, चौकोनी, छोट्या गाडीने मोडली. उद्योगाची माणसं ह्याला 'आकांक्षा' म्हणतात, रुबाब म्हणतात. असेलही. पण मी शोरूममध्ये बघते तर प्रत्येक कुटुंबात एक आजी किंवा आजोबा, आणि ते दार उघडून एकच गोष्ट करून बघतात: बसणं. सीट कमरेच्या उंचीला असेल तर माणूस नुसता टेकतो आणि वळतो. जुन्या मारुती ८०० मध्ये आपण बसत नव्हतो, उतरत होतो, विहिरीत उतरतात तसे. नऊवारीत तर विचारूच नका. त्यात आपले स्पीडब्रेकर, जे आहेत ते गाड्यांसाठी नसून गाड्यांवर सूड म्हणून.

मला स्वतःला हा उंचीचा सोस आवडत नाही. सगळेच उंच झाले की कुणालाच पुढचं दिसत नाही. सिग्नलला माझ्यापुढे एक भिंत उभी असते आणि तिच्यावर लिहिलेलं असतं 'आई एकवीरा प्रसन्न'.

*

बाबा टेल्कोत होते. कंपनीचं नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं, पण चिंचवडात आजही 'टेल्को'च म्हणतात, आणि मीही इथे तेच म्हणणार. पुण्याचा कारखाना सुमंत मुळगावकरांनी उभा केला. आधी झाडं लावली, तळं केलं, मग शेड, असं बाबा सांगायचे, जणू तळं त्यांनीच खणलं होतं. १९९४ च्या सुमोचं नाव सुमंतमधला 'सु' आणि मुळगावकरांच्या इंग्रजी स्पेलिंगमधला 'मो' घेऊन झालं. कारखान्याच्या साहेबाचं नाव गाडीला आणि ती गाडी वडापला, हा योग मला फार आवडतो. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत माणसं टपावर, पायरीवर, आणि सगळी मुळगावकरांच्या नावात बसलेली.

१९९८ च्या डिसेंबरात इंडिका आली तेव्हा बाबा घरी पेढे घेऊन आले. पहिल्या गाड्यांच्या तक्रारी खूप आल्या. कॉलनीत कुणी इंडिकाला नाव ठेवलं की बाबा त्याच्याशी आठवडाभर बोलत नसत. मग २००१ मध्ये 'व्ही टू' आली आणि बाबा पुन्हा बोलायला लागले. गाडी विकत घेणं आणि गाडी बनवणाऱ्याच्या घरात वाढणं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही दार लावल्याच्या आवाजावरून गाडीची लायकी ठरवतो. त्या आवाजाला आता कंपन्या स्वतंत्र इंजिनिअर ठेवतात असं ऐकलं. बाबा हसले असते.

*

नोव्हेंबरच्या अखेरीला नवी सिएरा आली. १९९१ ची सिएरा तीन दारांची. मागच्या बाजूची मोठी काच वळून थेट छतात गेलेली, आणि ती उघडायची नाही. मे महिन्यात मागे बसणं म्हणजे ओव्हनमधली नानकटाई. कॉलनीत एकाच साहेबाकडे होती. आम्ही मुलं हात लावून पळायचो. नव्या सिएराला पाच दारं आहेत, काचेचा तो वळसा नुसता काळ्या रंगाने भासवलाय. तरी माझ्या वयाची माणसं शोरूममध्ये जाऊन डोळे पुसतायत. पन्नाशीच्या लोकांकडे पैसा आलाय आणि आठवणीही आहेत, हे कंपन्यांना नेमकं कळलंय. मीही बघून आले. हात लावला. पळाले नाही एवढंच.

*

वाट बघण्याबद्दल. मारुती ८०० १४ डिसेंबर १९८३ ला आली. त्याआधीच दहा-दहा हजार भरून लाखाहून जास्त लोकांनी नोंदणी केली होती आणि नंबर लॉटरीने लागत होते. त्याआधी फिएटसाठी वर्षानुवर्षं. बजाजच्या स्कूटरचा नंबर तर हुंड्याच्या बोलणीत यायचा. मुलीच्या जन्माला नोंदवा, लग्नाला मिळेल, असा विनोद होता, आणि तो फारसा विनोद नव्हता. मधली वीस वर्षं गाडी मागाल तेव्हा मिळायला लागली. मग २०२१ मध्ये चिपचा तुटवडा पडला आणि वेटिंग परत आलं. फरक असा, की तेव्हा लोक वाट बघताना चिडायचे, आता मिरवतात. भाचा म्हणाला, "आत्या, माझ्या गाडीला चौदा महिने वेटिंग आहे." चेहऱ्यावर असं तेज, की जणू चौदा महिने हेच त्याने विकत घेतलं होतं.

*

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने पाच लोकप्रिय भारतीय गाड्या आपटून बघितल्या. पाचही शून्य तारे. तेव्हा आपल्याकडे कुणाला फार वाईट वाटलं नाही. 'आपटायची कशाला?' असा एकूण सूर. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनला पाच तारे मिळाले, आणि एकदम लोक पत्रा ठोकून बघायला लागले. ऑक्टोबर २०२३ पासून आपलं स्वतःचं भारत एनकॅप आहे. आता सेल्समन तारे आधी सांगतो, ॲव्हरेज नंतर. दहा वर्षांत गिऱ्हाइकाचं मन एवढं बदललेलं मी दुसऱ्या कुठल्या वस्तूत पाहिलं नाही.

पण मन बदललं, हात नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. मागच्या सीटवर, पट्टा न लावता, महागड्या सुरक्षित गाडीत. पंधरा दिवस सगळ्यांनी मागचे पट्टे शोधले. बऱ्याच गाड्यांत ते सीटकव्हरच्या खाली गाडले गेलेले सापडले. आमच्याही. मी कात्रीने कव्हर कापून बक्कल बाहेर काढलं, तर सासूबाई म्हणाल्या, "चांगलं कव्हर फाडलंस." पट्ट्याचा पिंगपिंग आवाज बंद करायला नुसती बक्कलं मिळतात, ती ऑनलाइन विकायला सरकारने मग बंदी घातली. चिंचवड स्टेशनबाहेर अजून मिळतात. पाच ताऱ्यांच्या गाडीत बसून शंभर रुपयांचं खोटं बक्कल लावणारा माणूस नेमकं काय विकत घेतो, ह्याचा विचार मी पुष्कळ केला.

*

सनरूफ. चिंचवडात एप्रिलमध्ये ४० अंश. मुलगी म्हणते पावसाळ्यात छान दिसेल. पावसाळ्यात ते बंद असतं, बाई.

हरले. सनरूफ घेतलं.

*

टेस्ट ड्राइव्हला मुद्दाम पावसात बोलावून घेतलं होतं. वायपर दांडीवर होता, ठीक. एसीचा झोत काचेकडे वळवायचा तर पडद्यावर तीन वेळा बोट. देहूरोडच्या खड्ड्यांतून जाताना कुणी बोट नेमक्या चौकोनावर टेकवून दाखवावं, मी त्याला माझ्या हातची पुरणपोळी देईन. दहा इंची पडदा बटणांपेक्षा स्वस्त पडतो आणि दिसतो महाग, ह्यापलीकडे त्याचं कारण मला दिसत नाही. आता युरो एनकॅपनेच २०२६ पासून सांगितलंय, की इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हॅझर्ड ह्यांना खरी बटणं नसतील तर पूर्ण तारे विसरा. युरोपात बटणं परत येतील आणि आपल्याकडे ती 'प्रीमियम फीचर' म्हणून विकली जातील, लिहून ठेवते.

*

कराडचे मामा आले होते. नवी गाडी 'ई ट्वेंटी'वर चालते का, ह्याची चर्चा निघाली. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. मामांचा ऊस कारखान्याला जातो, कारखान्याची डिस्टिलरी आहे. मामा म्हणाले, "तुम्ही पुण्यात एक्सलेटर दाबला की आमच्याकडे बिल निघतं." बरोबर आहे. साखरेला भाव नसतो तेव्हा इथेनॉलने कारखाने तगतात आणि थकलेली एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त भाव, निघते. माझं म्हणणं एवढंच, की इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरणारच. सरकारही तीन ते सहा टक्के कबूल करतं, जुन्या गाड्यांच्या बाबतीत. मग लिटरमागे तेवढे पैसे कमी घ्या की. मामा म्हणाले, "पैसे कमी कोण घेतं का?" आणि उसाच्या राजकारणावरचं ह्याहून नेमकं भाष्य मी ऐकलेलं नाही. पंपावर दुसरं पेट्रोल सहज मिळत नाही, म्हणून निवडायचा प्रश्नच नाही. गाडी माझी, टाकी माझी, आत काय जाणार ते दिल्ली आणि कराड मिळून ठरवणार.

*

ईव्ही का नाही घेतली, हे जो तो विचारतो. उत्तर: सोसायटीची कमिटी.

रोड टॅक्स नाही, जीएसटी ५ टक्के, ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर टोल नाही, चिंचवड ते हिंजवडी रोजचा खर्च चहाच्या कपाएवढा. कागदावर सगळं जुळत होतं. चार्जरसाठी अर्ज दिला. अध्यक्ष म्हणाले, लोड वाढेल. सचिव म्हणाले, आग लागते. खजिनदार म्हणाले, मीटर कुणाच्या नावावर? तिन्ही प्रश्नांना उत्तरं आहेत आणि मी ती दिली. मग तिघांनी मिळून सांगितलं, एजीएममध्ये घेऊ. एजीएम गेल्या वर्षी कोरमअभावी तहकूब झालेली आहे.

*

ईव्हीबद्दल आणखी. समोरच्या विंगमधल्या काकांचं भोसरीला वर्कशॉप आहे. चार सीएनसी, दोन जुनी लेथ, अकरा माणसं. क्लचचे दोन आणि सायलेन्सरचे तीन जॉब करतात. मोठ्या कंपनीला थेट देत नाहीत. चाकणच्या व्हेंडरला देतात, तो पुढे देतो. म्हणजे साखळीतली तिसरी कडी. मी विचारलं, काका, ईव्हीत क्लच नाही, सायलेन्सर नाही, पिस्टन नाही, इंजेक्टर नाही. मग तुमचं? काका म्हणाले, "ब्रेक तर लागतील ना?" आणि हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, की मोटारीच्या हाउसिंगचं सॅम्पल दिलंय, ॲल्युमिनियमचं, पण त्याला लागणारं मशीन साठ लाखांचं आहे आणि ऑर्डर एका वर्षाची. "मशीनचं कर्ज सात वर्षांचं, ऑर्डर एका वर्षाची. लग्न करायचं का, सांग."

ह्या पट्ट्यात हे नवीन नाही. तळेगावला जनरल मोटर्स आली तेव्हा किती जणांनी शेवरोलेच्या भरवशावर शेड बांधल्या. २०१७ मध्ये कंपनीने भारतात गाड्या विकणं बंद केलं, २०२० च्या डिसेंबरात कारखाना थांबला. कामगार कितीतरी दिवस गेटवर बसले. मग २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घ्यायचा करार केला आणि आता तिथे व्हेन्यू बनते. वर्तमानपत्रात ही 'गुंतवणूक' म्हणून आली. गेटवर बसलेल्यांचं काय झालं, ते त्या बातमीत नव्हतं. शेवरोले घेतलेल्या माझ्या मैत्रिणीलाही तेव्हा पहिल्यांदा कळलं, की गाडी आपण घेतो पण तिचा पार्ट ही कंपनीची मर्जी असते. ती आता गाडी घेताना फीचर विचारत नाही. विचारते, "तुम्ही राहणार ना?"

काकांना मी हा प्रश्न विचारला नाही.

*

२०२५ मध्ये राज्याचे परिवहन मंत्री म्हणाले, पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नको. जपानात हे १९६२ पासून आहे. पोलीस येऊन जागा मोजून जातात. कल्पना पटते. पण आमच्याच सोसायटीत एका घरी तीन गाड्या, एकीवर करड्या रंगाचं कव्हर, कव्हरवर मांजर, आणि त्या कव्हराखालची गाडी गेल्या वर्षभरात मी हललेली बघितली नाही. जागा दाखवा म्हटलं तर ते ती जागा दाखवतील. मांजरासकट.

*

घेण्याआधी चेसिस नंबर बघा, हे बाबांनी शिकवलेलं. त्यातल्या अक्षरांवरून गाडी कोणत्या वर्षाची, कित्येकदा कोणत्या महिन्याची, ते कळतं. कंपनीगणिक खूण वेगळी, पण विचारलं तर सांगावं लागतं. आम्हाला आधी दाखवलेली गाडी आठ महिने यार्डात उन्हात उभी होती. "नवीनच आहे मॅडम, कुणी चालवलेली नाही." उभी राहिलेली नवी गाडी म्हणजे लग्नाच्या रुखवतातला लाडू, दिसायला ताजा. नाही म्हटलं. तीन आठवड्यांनी दुसरी आली, सप्टेंबरची.

*

डिलिव्हरी. गाडीवर लाल सॅटिनचं कापड, पुठ्ठ्याची दीड फुटी किल्ली, स्पीकरवर ढोल. आम्ही कापड ओढलं, ते आरशात अडकलं, परत ओढलं. फोटो. सासूबाईंनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं. सेल्समनने कुंकू बॉनेटला नको, काचेला लावा, पेंटची वॉरंटी जाते, असं हळूच सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. चारही चाकांखाली लिंबं. पहिला गियर टाकला आणि फट् फट् फट्. चौथं लिंबू निसटून शेजारच्या नव्या गाडीखाली गेलं. त्या कुटुंबातल्या आजी म्हणाल्या, "असू दे, आमच्याकडून फोडतो."

सीटवरचं प्लास्टिक नवऱ्याने अजून काढू दिलेलं नाही.

*

ह्या सगळ्यात जुनी गाडी कशी गेली, ते लिहायचं राहिलं.

विकायच्या आधी चार महिने तिला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावली होती, ७४५ रुपये आणि वर जीएसटी, कारण एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना सक्ती. एक्स्चेंजला तपासायला आलेल्या मुलाने पेंटची जाडी मोजायचं यंत्र लावलं. मागच्या दरवाज्यावर यंत्र थांबलं. "इथे काम झालंय." हो, २०१६, औंधच्या सिग्नलला पीएमटी. मुलीच्या दहावीच्या परीक्षेच्या दिवशी. त्याने आठ हजार कमी केले. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या, म्हणाले ट्रान्सफर आम्ही करून घेऊ, दोन महिन्यांत आरसीवरचं नाव बदलेल. गाडी घेऊन गेले तेव्हा मी गॅलरीत नव्हते. मुलगी होती.

काल रात्री मोबाइलवर मेसेज. ई-चलन. जुन्याच नंबरचं, म्हणजे नाव अजून माझंच. डीलरला फोन केला, तो म्हणाला गाडी पुढे दोन हातांतून गेली, बघतो. लिंक उघडली. सोलापूर हायवे, वेग १०४.

"आपल्याकडे कधी ऐंशीच्या वर गेली नाही," नवरा म्हणाला. बऱ्याच वेळाने.

मुलीने फोटो मोठा करून बघितला. मागच्या काचेवर तिने सातवीत चिकटवलेलं फुलपाखरू अजून आहे. बाजूला आता 'सिद्धेश्वर कृपा' आलंय, आणि टपावर कॅरियरला बांधलेलं काहीतरी, खाट असावी.